करडाच्या मासाचा पाया आईच्या पोटातच! गाभण शेळीला कधी, काय आणि किती खाऊ घालावं?

चौसाळा (ता. बीड) : बाजारात एकाच वयाचे दोन बोकड शेजारी उभे असतात. एकाची मांडी भरलेली, पाठ रुंद. दुसरा उंचीला तेवढाच, पण हात लावला की कणा टोचतो. मालक म्हणतो, "खाऊ तर दोघांना सारखंच घातलं, पण ह्याच्या अंगी लागत नाही." दोष कधी जंतांना दिला जातो, कधी बोकडाच्या जातीला. या दोन्ही गोष्टींमुळे फरक पडतोच. पण तिसरं एक कारण आहे आणि त्याकडं आपलं सहसा लक्ष जात नाही. ते करडू पोटात असताना त्याच्या आईला काय खायला मिळालं?

चौसाळा परिसर, बालाघाटचे डोंगर आणि पलीकडं धाराशिव, लातूरपर्यंतचा पट्टा हा उस्मानाबादी शेळीचा मुलूख. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. ही शेळी बहुतेक करून काळीभोर, काटक आणि माळरानावर पोट भरणारी. जुळी करडं देण्यात तिचा हात धरणारी जात कमीच. तिची खरी किंमत मासासाठी आहे. म्हणून करडाच्या अंगावर मास कसं तयार होतं, हे इथल्या प्रत्येक शेळीवाल्याला माहीत असायला हवं.

पेरणीत तुटाळ पडली की कणसं कुठून येणार?

मास म्हणजे स्नायू. हा स्नायू बारीक बारीक तंतूंचा बनलेला असतो. तंतू किती होणार, हे करडू जन्माला येण्याआधीच जवळपास ठरून जातं. जन्मल्यानंतर नवे तंतू फारसे तयार होत नाहीत. आहेत तेच जाड आणि लांब होतात.

ज्वारीचं उदाहरण घ्या. पेरणीनंतर जेवढी ताटं उगवली, तेवढीच कणसं येणार. पुढं खत-पाणी दिलं तर कणीस टपोरं भरेल, पण रानात पडलेली तुटाळ काही भरून निघत नाही. करडाचंही तसंच आहे. तंतूंची पेरणी आईच्या पोटात होते आणि खत-पाणी जन्मानंतर. पेरणीच विरळ झाली असेल तर नंतर कितीही खुराक घाला, एका मर्यादेपुढं अंग भरत नाही. उलट जास्तीच्या खुराकाची चरबी होते.

पाच महिन्यांत केव्हा काय घडतं?

शेळी साधारण १५० दिवस गाभण राहते. पाच-सात दिवस मागंपुढं होतात. मेंढीचंही जवळपास तेवढंच.

पहिला महिना : गर्भ गर्भाशयात रुजतो. त्याला अन्न फार लागत नाही. पण शेळी उपाशी राहिली, लांब हाकलली गेली किंवा आजारी पडली तर गर्भ टिकत नाही. शेळी "उलटली" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

दुसरा ते साडेतिसरा महिना : याच काळात स्नायूंच्या तंतूंची संख्या ठरते. आधी थोडे मूळ तंतू तयार होतात. मग त्यांच्या आधारानं दुसऱ्या टप्प्यातले तंतू येतात. संख्येनं हेच जास्त असतात. आईच्या आहारात खोट आली तर पहिला फटका या दुसऱ्या टप्प्यातल्या तंतूंना बसतो.

शेवटचा दीड महिना : करडाचं जन्मावेळी जे वजन असतं, त्यातलं जवळपास दोन तृतीयांश वजन या काळात वाढतं. तयार झालेले तंतू इथं जाड होऊ लागतात. आईची कासही याच काळात भरायला लागते.

आपली अडचण अशी की शेळी गाभण असल्याचं लक्षात येतं कास उतरायला लागल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात. खुराक सुरू होतो तेव्हा तंतूंची पेरणी उरकलेली असते. शेवटच्या महिन्यातला खुराक वाया जात नाही, तो लागतोच. पण तो मधल्या महिन्यांची भरपाई करू शकत नाही.

स्नायूंनाच फटका का?

गर्भाला मिळणारं अन्न कमी पडलं की शरीर आधी जीव वाचवायला बघतं. मेंदू आणि काळीज यांचा वाटा पहिला. स्नायूंचा नंबर मागं लागतो, कारण स्नायू थोडे कमी असले तरी पिल्लू जगू शकतं. म्हणून करडू वरून धडधाकट दिसतं, पण पुढं त्याचं अंग भरत नाही.

अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे मेंढ्यांवर तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काही मेंढ्यांना गाभणपणाच्या २८ व्या दिवसापासून ७८ व्या दिवसापर्यंत गरजेच्या निम्माच आहार दिला. त्यानंतर आहार पूर्ववत केला. त्यांची कोकरं आठ महिन्यांची झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या स्नायूंमध्ये तंतूंची संख्या कमी भरली आणि स्नायूंत चरबी जास्त आढळली. उपासमार फक्त ५० दिवसांची, तीही जन्माच्या आधी. तिची खूण मात्र विक्रीच्या वयापर्यंत राहिली.

आपल्याकडं अडचण कॅलेंडरची

आता हे आपल्या भागाशी जोडून बघू. दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला शेळी फळली असं धरा. तंतू तयार होण्याचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत येतो. शेळी व्यायची मार्चच्या मध्याला, होळीच्या आसपास. सुरुवातीला रानात थोडाफार पाला असतो. जानेवारीनंतर माळ वाळून जातो. शेवटचा दीड महिना, जेव्हा शेळीला सगळ्यात जास्त लागतं, नेमका कोरड्या चाऱ्यावर निघतो.

त्यात याच काळात आपल्या जिल्ह्यातली हजारो घरं ऊसतोडीला गेलेली असतात. बैलं गाडीबरोबर जातात, शेळ्या बऱ्याचदा घरी म्हाताऱ्या माणसांकडं राहतात. म्हातारी माय शेळ्या लांब चारायला नेऊ शकत नाही. दावणीला कडब्याची चिपाडं पडतात. मुकादमाची उचल फेडायला धडपडणाऱ्या घरासाठी दोन शेळ्या म्हणजे अडीनडीला मोडायची ठेव. ती ठेव पोटातच खंगते आणि कुणाला कळतही नाही.

शेळी जूनच्या शेवटी, मृगाच्या पावसानंतर फळली तर तंतू तयार व्हायचा काळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा बांधावर, माळावर हिरवं असतं. शेळी नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वितं. म्हणजे फुकटचा हिरवा चारा योग्य वेळी पोटात जातो. यातही एक अडचण आहे. नोव्हेंबरमध्ये थंडी असते आणि माणसं तोडीला निघालेली असतात, त्यामुळं लहान करडांची निगा कोण ठेवणार, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय पावसाळ्यात जंत वाढतात.

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनीही मागं मोजून फळवण्याचा महिना ठरवावा. ईद दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडं येते. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा हिशेब यंदा चालेलच असं नाही.

बोकड कळपात कायम मोकळा असेल तर यातलं काहीच हातात राहत नाही. बोकड वेगळा बांधा आणि शेळी फळल्याची तारीख भिंतीवर, वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. या एका सवयीला एक रुपयाही लागत नाही.

कोणत्या टप्प्यात किती खुराक?

खालचं प्रमाण साधारण ३० किलोच्या शेळीसाठी आहे. चराईला जाणारी शेळी असेल तर रानात काय मिळतंय ते बघून थोडं कमी-जास्त करा.

१. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे : रोज २०० ग्रॅम खुराक. शेळी नीट माजावर येते आणि जुळ्यांची शक्यता वाढते.

२. पहिला महिना : नेहमीचा चारा पोटभर. लांबची चराई, गाडीतून वाहतूक, कुत्र्यांचा त्रास टाळा. या काळात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नका, गर्भाला धोका असतो. जंतनाशक शेळी फळवण्याआधीच देऊन घ्या. नंतर गरज पडली तर कोणतं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

३. दुसरा ते साडेतिसरा महिना : रोज १०० ते १५० ग्रॅम खुराक, सोबत शेंगवर्गीय पाला आणि १० ग्रॅम खनिज मिश्रण. खुराक परवडतच नसेल तर निदान पाला आणि खनिज मिश्रण तरी चुकवू नका.

४. शेवटचा दीड महिना : रोज २५० ते ३०० ग्रॅम खुराक. पोटात जुळी असतील असं वाटलं तर ३५० ते ४०० ग्रॅमपर्यंत. हा खुराक एकदम न देता सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. करडं मोठी झाल्यामुळं शेळीच्या पोटात जागा कमी राहते. जाड कडबा तिला जास्त खाता येत नाही, म्हणून बारीक कुट्टी आणि मऊ पाला द्या.

चारा रोज अंदाजे दोन किलो हिरवा आणि अर्धा किलो वाळला. स्वच्छ पाणी दिवसातून दोन-तीनदा. पाणी कमी पडलं की चाराही कमी खाल्ला जातो.

खुराक वाढवताना आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू वाढवा. एकदम मूठभराचं टोपलंभर केलं तर पोट बिघडतं आणि शेळी दगावूही शकते.

घरचा खुराक : १० किलोचं प्रमाण

मका किंवा ज्वारीचा भरडा ४ किलो, सोयाबीन, शेंगदाणा किंवा सरकीची पेंड अडीच किलो, तूर किंवा हरभऱ्याची चुनी २ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम.

स्नायू बनतात प्रथिनांपासून. ती पेंड, चुनी आणि पाल्यातून मिळतात. निव्वळ मका किंवा ज्वारी घातली तर पोट भरतं, ताकद मिळते, पण स्नायूंचा कच्चा माल कमी पडतो. पेंड बुरशी लागलेली, कुबट वासाची असेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. त्यातल्या विषानं गाभण शेळीला इजा होते.

शिवारातला चारा : काय चांगलं, कुठं जपायचं?

हरभऱ्याचं आणि तुरीचं भुसकट ज्वारीच्या कडब्यापेक्षा प्रथिनांना बरं. ते उन्हात-पावसात पडू न देता झाकून ठेवा. सोयाबीनचं भुसकटही चालतं, पण नुसत्या त्याच्यावर शेळी ठेवू नका.

शेवगा आणि हादगा ही गाभण शेळीसाठी फार चांगली झाडं. बांधावर पाच-दहा झाडं असली तरी दोन-तीन शेळ्यांना उन्हाळ्यात रोज थोडा पाला मिळतो. दशरथ घास थोड्या पाण्यावरही येतो.

सुबाभळीत प्रथिनं भरपूर आहेत, पण तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त सुबाभूळ देऊ नका, नाहीतर केस गळतात आणि गलगंड होतो.

बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीनं खातात. खुराकाला थोडी जोड म्हणून ठीक, पण त्यांच्या तुरटपणामुळं जास्त दिल्या तर प्रथिनं नीट पचत नाहीत.

उसाचं वाढं उन्हाळ्यात सगळीकडं दिसतं. त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं. वाढ्याची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि सोबत खनिज मिश्रण द्या. नुसत्या वाढ्यावर गाभण जनावर काढू नका.

कोवळी किंवा पावसाच्या ताणानं खुरटलेली ज्वारी खाऊ देऊ नका. किराळ लागून जनावर तासाभरात जाऊ शकतं.

खर्च परवडतो का?

हिशेब करून बघू. दुसऱ्या ते साडेतिसऱ्या महिन्यात, म्हणजे ७५ दिवस रोज १२० ग्रॅम धरला तर ९ किलो खुराक. शेवटच्या ४५ दिवसांत रोज ३०० ग्रॅमनं साडेतेरा किलो. एकूण साडेबावीस किलो. घरी बनवलेला खुराक किलोला ३० रुपये पडतो असं समजा, तर एका शेळीमागं ६७५ रुपये. जिवंत बोकडाचा दर किलोला ४०० रुपये धरला तर हे पैसे वसूल व्हायला दोन्ही जुळ्या करडांचं मिळून पावणेदोन किलो वजन जास्त भरलं तरी पुरतं. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब प्रत्येकानं स्वतः करावा.

पैशाची फारच ओढ असेल तर सगळ्या शेळ्यांना थोडं थोडं घालण्यापेक्षा ज्या खंगलेल्या आहेत, ज्या मागच्या वेताला जुळं व्याल्या आहेत आणि ज्या पहिलारू आहेत, त्यांना आधी घाला.

शेळी खंगली की माजली, हातानं ओळखा

केसांमुळं डोळ्यांना फसायला होतं. कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि बरगड्यांवर हात फिरवा. मग आपली मूठ वळून दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. शेळीची हाडं तशी टोचत असतील तर ती खंगलेली आहे. हात सरळ ठेवून पंजाच्या पाठीवर जसं लागतं, तसं लागलं तर ठीक. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागून हाड सापडतच नसेल तर ती माजलेली आहे. महिन्यातून एकदा हे करा.

माजलेली शेळीही बरी नाही. तिला विताना त्रास होतो. शेवटच्या महिन्यात पोटात जुळी असताना शेळीनं खाणं सोडलं, ती कळपामागं राहू लागली, दात खाऊ लागली किंवा आंधळ्यासारखी चालू लागली तर ते अंगातली चरबी वेगानं वितळल्यानं होणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. तो खंगलेल्या आणि माजलेल्या दोन्ही शेळ्यांना होतो. घरगुती उपायांत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

"जास्त घातलं तर पिल्लू अडतं" हे खरं का?

ही भीती आपल्याकडं जुनी आहे आणि तिच्यात थोडं तथ्य आहे. पाठ लहान असतानाच फळली तर तिचं कटिभाग अरुंद असतो आणि करडू अडू शकतं. त्यावर उपाय म्हणजे पाठ १० ते १२ महिन्यांची आणि साधारण २२ ते २५ किलोची झाल्यावरच बोकड दाखवणं. लहान पाठ स्वतःच वाढत असते. तिच्या वाट्याचं अन्न तिलाच पुरत नाही, मग पोटातल्याला कुठून मिळणार?

वाढ झालेल्या शेळीला उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही. उपाशी शेळीला कळा द्यायला ताकद राहत नाही, करडं अशक्त जन्मतात आणि चीक कमी येतो.

ताठ चालणारं करडू

कधी कधी करडू जन्मल्यावर काही दिवसांतच ताठ चालायला लागतं, मागच्या पायांवर नीट उभं राहत नाही, दूध ओढताना थकतं. यामागं सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. अशा करडाचे स्नायू पांढरट पडतात. ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात असतं, चारा वाळून जुना झाला की ते कमी होतं. म्हणून गाभण शेळीला रोज मूठभर तरी हिरवं मिळायला हवं. यावर इंजेक्शन आहे, पण सेलेनियम जास्त झालं तर विषारी ठरतं. ते डॉक्टरांच्याच हातून घ्या.

व्याल्यानंतरचा पहिला तास

करडाला अर्ध्या ते एका तासाच्या आत चीक पाजा. वार पडायची वाट बघू नका. पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पोटात जायला हवा. अडीच किलोच्या करडाला २५० मिली, चार-पाच वेळा विभागून. जुळ्यातलं लहान करडू मागं ढकललं जातं, त्याला हातानं सडाला लावा. आंत्रविषाराची लस शेळी व्यायच्या महिना-दीड महिना आधी टोचली असेल तर तिचं संरक्षण चिकातून करडाला मिळतं.

मधल्या महिन्यांत आबाळ झालीच असेल तर हात टेकायची गरज नाही. आहेत ते तंतू जाड करणं अजून आपल्या हातात असतं. भरपूर दूध, पंधरा दिवसांनंतर कोवळा पाला आणि वेळेवर जंतनाशक यानं बराच फरक पडतो.

गाई-मेंढ्यांचं काय?

मेंढीचा हिशेब शेळीसारखाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेली नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी काहींनी पाळली आहे. जुळी हवी असतील तर आहारही जुळ्यांचा द्यावा लागतो.

गाय साधारण ९ महिने ९ दिवस गाभण असते. वासराच्या स्नायूतंतूंची संख्या सातव्या महिन्याच्या आसपास ठरून जाते. देवणी किंवा लाल कंधारीच्या पोटी औताचा, गाडीचा बैल हवा असेल तर गाय सातव्या महिन्यात आटवेपर्यंत नुसत्या कडब्यावर ठेवून चालणार नाही. आटवल्यानंतरच्या दोन महिन्यांतला खुराकही तेवढाच गरजेचा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- शेळी फळल्याची तारीख लिहून ठेवा.
- दुसरा ते साडेतिसरा महिना तंतूंच्या पेरणीचा, तो उपाशी जाऊ देऊ नका.
- शेवटचा दीड महिना खुराक वाढवा, पण हळूहळू.
- रोज १० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर हिरवा पाला चुकवू नका.
- तोडीला जाताना घरी राहणाऱ्या माणसाला कोणती शेळी कधी व्यायची आहे, ते सांगून जा. खुराक मापात भरून ठेवा आणि माप म्हणून एक वाटी ठरवून द्या.

अधिक माहितीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा अंबाजोगाई आणि खामगाव (ता. गेवराई) इथली कृषी विज्ञान केंद्रं यांच्याशी संपर्क साधता येईल. जनावर आजारी असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.